चार फूट साडेनऊ इंच

आमच्या केदारखेड्याचे वसंताभाऊ तीन वर्षं इराकात होते. मोसुलकडे रस्त्याचं काम चालू होतं आणि तिथल्या ठेकेदाराकडे ते ड्राफ्ट्समन होते. शुक्रवारी सुट्टी असायची. त्या दिवशी ते हत्रा नावाच्या जुन्या, ओसाड शहरात जात आणि पडक्या देवळांची चित्रं काढत. तिथं कमानींवर दगडी चेहरे कोरलेले आहेत, ते नुसते समोर बघत असतात.

इमारतीच्या चित्रात शेजारी एक माणूस उभा करावा लागतो, नाहीतर कमान दहा फुटांची की पन्नास ते बघणाऱ्याला कळत नाही. पॉलिटेक्निकमध्ये आम्ही टोपीवाला कुणीही माणूस काढायचो. वसंताभाऊ आपली आई काढायचे.

जाण्याआधी त्यांनी चांगुणाबाईंना दाराच्या चौकटीला उभं केलं आणि सुतळीनं उंची मोजली. चार फूट साडेनऊ इंच. शेजारच्या सगुणाबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या.

"जित्या माणसाचं माप दोरीनं घेऊ न्हाई, वसंता. ते तिरडीच्या येळंला घेत्यात."

"तू गप गं," चांगुणाबाई म्हणाल्या. "ते समदं छप्पन सालीच सोडलं आपण. घे रे, बराबर घे. तिकडं कमी दाखवू नको मला."

दुष्काळात खडी फोडताना त्यांच्या उजव्या टाचेत दगडाची चीप घुसली होती. तेव्हापासून त्या डाव्या पायावर भार देऊन उभ्या राहायच्या, उजवी टाच थोडी उचललेली.

सुतळीच्या टोकाला खडा बांधून वसंताभाऊंनी ती सोबत नेली. हत्राला ते ती भिंतीवर लटकवायचे आणि चित्रात तिच्या जागी आई उभी करायचे. बोटाच्या पेराएवढी, पाठमोरी, टाच उचललेली. चित्र पत्रातून घरी यायचं. चांगुणाबाई खुरपायला जाताना ते कनवटीला लावून न्यायच्या आणि बायांना सांगायच्या, "मी इराकात गेल्ते. हे बघा, उभी हाये."

सत्त्याहत्तरच्या ऑगस्टात त्या तापानं गेल्या. कॅम्प पुढे सरकला होता, त्यामुळे गावचं पत्र वसंताभाऊंना तेवीस दिवसांनी मिळालं. मधे चार शुक्रवार गेले. चारही शुक्रवारी त्यांनी चित्रं काढून घरी पाठवली होती.

"ती न्हवती, अन् मी तिला उन्हात उभी करून राह्यलो होतो," ते मला म्हणाले.

हे त्यांनी मला एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात सांगितलं. मी तेव्हा गावच्या पाझर तलावावर नवा ओव्हरसियर होतो आणि माझे नकाशे त्यांच्याकडून तपासून घ्यायचो. परतल्यावर करायच्या राहिलेल्या आईच्या पुण्यानुमोदनाला, त्या स्मरणविधीला, भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी तिचा फोटो लावायचा असं त्यांनी ठरवलं होतं. पण फोटो कधी काढलेलाच नव्हता. पासपोर्टसाठी वसंताभाऊ जालन्याच्या स्टुडिओत गेले, तेव्हा चांगुणाबाई बाहेर ट्रंक राखत बसल्या होत्या.

म्हणून ते चेहरा काढत होते. मी तीसेक कागद पाहिले. प्रत्येकावर तेच झालं होतं: डोळे गोल, बुबुळांच्या जागी भोकं, ओठ मिटलेले. हत्राच्या कमानीवरचा दगडी चेहरा, कपाळावर आईचं गोंदण.

"हात तिकडंच वळतो," ते म्हणाले. "तीन वर्षं त्येच चेहरे काढले. तिची नुसती पाठ काढली."

मी सुचवलं, सगुणाबाईंना विचारू. त्या आल्या, उंबऱ्यावर बसल्या.

"मावशी, आईचं नाक कसं होतं?" मी विचारलं.

"नाकासारखं नाक. तुझ्यापरीस बरं होतं, ओव्हरसेरा."

"अन् डोळे?"

त्यांनी वसंताभाऊंचे कागद एकेक करून पाहिले. "चाळीस वरीस शेजारी राह्यले. आता तूच दगडाचं तोंड दाखवलंस, वसंता, तर मलाबी त्येच दिसून राह्यलंय." मग त्या उठून घरी गेल्या आणि चार पाकिटं घेऊन आल्या. बंद. परदेशी तिकिटांची. "ती गेल्यावर आल्ती. पोस्टमननं माझ्याकडं दिली. कुणाला वाचून दावू? मंग तू आलास, तरी द्यायचा धीर झाला न्हाई."

वसंताभाऊंनी ती फोडली. चार कमानी, चार चांगुणाबाई. सगुणाबाईंनी एकेक कागद डोळ्यांजवळ धरला, मग आधीच्या पत्रांतलं एक चित्र शेजारी ठेवलं.

"वसंता, ह्या चारांत तिची टाच टेकलेली हाये."

आम्ही पाहिलं. मी भिंग आणून पाहिलं. आधीच्या सगळ्या चित्रांत उजवी टाच उचललेली होती. या चारांत दोन्ही पाय जमिनीवर सपाट होते.

"मी असं काढलं न्हाई," वसंताभाऊ म्हणाले. "बिलकुल न्हाई." पण रेघा त्यांच्याच हातच्या होत्या, मी त्या ओळखतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी चेहऱ्यांचे कागद चुलीत घातले. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी खिळा ठोकला आणि सुतळी सोडली. मी खडा जमिनीला टेकवून धरला. त्यांनी कोळशानं चांगुणाबाई काढल्या, पुऱ्या उंचीच्या, पाठमोऱ्या. हात जराही अडला नाही. फक्त उजव्या पायाशी येऊन ते थांबले.

सगुणाबाई दारातून म्हणाल्या, "टेकव. तिनंच टेकवलीय ना."

त्यांनी टेकवली.

पुण्यानुमोदनाला लोक आले. कुणी विचारलं नाही की पाठमोरी का. फुलं पायांशी ठेवली. जाताना सगुणाबाई भिंतीला म्हणाल्या, "येते गं," आणि उगाचच बाजूनं वळसा घेऊन गेल्या, कुणी वाटेत उभं असल्यासारख्या.

सगळे गेल्यावर मी सुतळी गुंडाळायला घेतली. वसंताभाऊंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि परत खिळ्याला लावली.

"ओव्हरसियर," ते भिंतीवरची नजर न हलवता म्हणाले, "ती वळली, तर मला वळखू येईल का रे?"

मी जवळच बसून राहिलो. त्या दिवसापासून ते त्या खोलीत भिंतीकडे पाठ करून कधी बसले नाहीत.