तीन वाजताची गोळी

गल्लीत त्यांना सगळे भोंगेकाका म्हणत. खरं नाव फक्त टपालवाल्याला आणि बायकोला माहीत होतं, आणि बायको ते घेत नसे.

पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्याच्या फाटकाशी काचेची एक खोली होती. त्या खोलीत बसून काकांनी एकतीस वर्षं दोन कामं केली. कामगारांच्या हजेरीच्या कार्डांवर नजर ठेवायची, आणि पाळी लागताना व सुटताना भोंगा वाजवायचा. भोंग्याचं बटण लाल होतं आणि ते दुसऱ्या कोणी दाबलेलं त्यांना खपत नसे. आजारपणाची रजा त्यांनी एकतीस वर्षांत अकरा दिवस घेतली. त्या अकरा दिवसांत भोंगा कधी वेळेवर वाजला नाही, असं ते सांगत. ते खरं असावं, कारण त्यांनी कामावर परतल्यावर चौकशी केली होती.

वर्षातून दोनदा सरकारी हुकमाने घड्याळं हलत. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक तास पुढे, थंडीच्या तोंडाशी एक तास मागे. थंडीतल्या त्या एका रविवारी रात्रपाळीचे आठऐवजी नऊ तास भरत. मग सकाळी माणसं काचेच्या खोलीबाहेर जमायची.

"साहेब, आमचे आठ तास झाले," वेल्डर म्हणायचा.

"भोंगा घड्याळाने वाजतो."

"आणि माणूस?"

"माणूस भोंग्याने सुटतो."

"बरं आहे. मग घड्याळालाच उद्यापासून डबे करायला बसवा."

लोक हसायचे, काकाही हसायचे, पण बोट बटणावर जायचं ते नव्या वेळेनेच. मधले तास किती झाले हे मोजणं त्यांचं काम नव्हतं. दोन घड्याळं दोन वेळा दाखवू लागली की भांडणं होतात, तेव्हा एक घड्याळ खरं मानायचं आणि बाकीची त्याला जुळवायची, हा त्यांचा नियम होता. नोकरीभर तो नियम त्यांना कधी नडला नाही.

निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते महिन्याला चार मिनिटं मागे पडायचं. मुलीने मात्र मनगटी घड्याळ दिलं. आकड्यांचं, उजेडावर चालणारं, रेडिओवरून वेळ घेणारं. दूर कुठेतरी एक मनोरा आहे, तिथून वेळेचा संदेश सुटतो, घड्याळ रोज पहाटे तो पकडतं आणि स्वतःला सुधारून घेतं, हे मुलीने समजावलं तेव्हा काकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे याला कोणी लावायचं नाही." त्यांना नोकरी गेल्याचं त्या दिवशी खरं कळलं, असं त्यांची बायको शेजारणीला म्हणाली होती.

घड्याळाला चार बटणं होती. सोबतची पुस्तिका मुंगीएवढ्या अक्षरांत होती. काकांनी भिंग घेऊन ती तीन दिवस वाचली आणि कारखान्यातून आणलेल्या कोऱ्या हजेरी-कार्डांवर आपल्या अक्षरात उतरवून काढली. डावं वरचं बटण तीन सेकंद धरलं की गावाची तीन अक्षरं लुकलुकतात. उजव्या वरच्याने दिवा लागतो. उजवं खालचं दाबून धरलं की घड्याळ लगेच संदेश शोधू लागतं. तेव्हा ते खिडकीत ठेवावं आणि हलवू नये. संदेश मिळाला तर पडद्यावर 'गेट' येतं. ही कार्डं दोऱ्यात ओवून स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली असत. रात्री घड्याळ खिडकीत ठेवायचं आणि दर रविवारी दुपारी त्यावरून घरातली तिन्ही घड्याळं जुळवायची. एक बाहेरच्या खोलीतलं, एक स्वयंपाकघरातलं, एक बायकोच्या उशाशी.

बायकोला सहा वर्षांपासून कंपवात होता. आधी दिवसाला दोन गोळ्या होत्या. या वर्षी चार झाल्या. सात, अकरा, तीन आणि सात. डॉक्टर म्हणाले होते की या आजारात गोळीइतकीच तिची वेळ महत्त्वाची. वेळ टळली की पाय जमिनीला खिळतात, हात आखडतात, घास गिळता येत नाही. हे ऐकून काकांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. त्यांनी घड्याळात चार गजर लावले. घड्याळाचा बारीक आवाज झाला की ते एका हातात पाणी आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन पलंगाशी उभे राहत.

"आला भोंगा," बायको म्हणायची आणि तोंड उघडायची.

त्या रविवारी अकराची गोळी अकराला झाली. बाराला मुलीचा फोन आला. ती नव्या नोकरीसाठी आदल्याच आठवड्यात दुसऱ्या शहरात राहायला गेली होती आणि तिथली वेळ एक तास मागे होती.

"बाबा, इथे आता अकरा वाजलेत. तुम्ही सकाळी सातला फोन केलात तर मी झोपलेली असेन हं."

"आता तुझी वेळ घड्याळात बसवून ठेवतो. मग चूक व्हायची नाही."

घड्याळात दुसऱ्या एखाद्या गावाची वेळ बघायची सोय होती. काकांनी कार्ड काढलं, भिंग काढलं आणि बायकोच्या पलंगाशी बसून मुलीच्या शहराची तीन अक्षरं शोधली. सापडली. बोटांना आता पूर्वीसारखी पकड राहिली नव्हती, म्हणून घड्याळ निसटू नये असं त्यांनी चिमटीत घट्ट धरलं. अंगठा एका खालच्या बटणावर आणि बोट दुसऱ्यावर. बारीक आवाज झाला, पडदा एकदा लुकलुकला. बसलं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात दार वाजलं. शेजारची शिंपीण बायकोच्या गाऊनला पुढून बटणं लावून घेऊन आली होती. काकांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि दार उघडायला गेले.

जेवणं झाली. काका आरामखुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. जाग आली तेव्हा मनगटावर एक वाजून बावीस मिनिटं झाली होती आणि भिंतीवर दोन बावीस.

उठून त्यांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ पाहिलं. दोन बावीस. बायकोच्या उशाशीही तेच. दुसरा कोणी असता तर तीन घड्याळं खरी आणि एक खोटं म्हणाला असता. काकांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, उजवं खालचं बटण दाबून धरलं आणि सात मिनिटं हात मागे बांधून उभे राहिले. दिवसा संदेश सहसा सापडत नाही. त्या दिवशी सापडला. 'गेट' आलं आणि त्याखाली एक वाजून एकतीस.

"वेळ मागे गेली गं," ते आतल्या खोलीकडे बघून म्हणाले. "थंडीची. पहाटे याला संदेश सापडला नसेल, आत्ता सापडला."

"आजच का?"

"आजच. रविवार आहे."

घरात वर्तमानपत्र बंद होऊन वर्ष झालं होतं, दूरदर्शनचा आवाज बायकोला सोसत नसे. काकांनी स्टूल घेतलं आणि बाहेरच्या खोलीतलं घड्याळ एक तास मागे केलं. मग स्वयंपाकघरातलं. मग बायकोच्या उशाशी आले.

"तेवढं राहू द्या," ती म्हणाली.

"एका घरात दोन वेळा नकोत."

काट्याशी त्यांची खुडबूड चालली होती तेव्हा ती छताकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "माझी गोळीची वेळ झाली हो."

"अजून एक तास आहे."

"झाली. पाय सांगतायत."

"अगं, आता दोन वाजतायत. तीनची गोळी दोनला कशी देऊ? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना तू?"

"वेळ तुमची मागे गेली. माझी नाही गेली."

काकांना हे उत्तर ओळखीचं वाटलं. काचेच्या खोलीबाहेर उभ्या राहिलेल्या माणसांचंही हेच म्हणणं असायचं. तेव्हाही ते रागावले नव्हते, आताही रागावले नाहीत. त्यांनी तिची उशी सारखी केली, गोळी वाटीत काढून ठेवली, पाण्याचा पेला भरून त्यावर झाकण ठेवलं. सगळं तयार होतं, फक्त वेळ व्हायची होती. गोळीपासून पलंग दोन हात अंतरावर होता, पण तिचा हात आता चादरीवरून उचलला जात नव्हता.

अर्ध्या तासाने ती म्हणाली, "मला बाथरूमला जायचंय."

"थांब. वीसेक मिनिटांत गोळी होईल, मग मोकळी होशील. आत्ता उठवलं तर तुला उभं राहता येणार नाही."

हे त्यांचं बरोबर होतं. गोळीशिवाय तिला उभं राहता येत नसे. ते बाहेरच्या खोलीत गेले, कारण निरोपाच्या घड्याळाचा मिनिटकाटा जुळवताना अर्धं मिनिट चुकल्याचं त्यांना स्टुलावरून उतरताना जाणवलं होतं. ते पुन्हा स्टुलावर चढले. आतून आवाज आला तो मोठा नव्हता. धुण्याचं गाठोडं जमिनीवर टाकावं तसा आवाज. काकांनी सवयीने आधी मनगट पाहिलं, मग धावले.

शिंपिणीने रुग्णवाहिकेला फोन केला. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. त्यांतला वयाने मोठा, टक्कल पडलेला, कागद भरू लागला.

"किती वाजता पडल्या?"

"दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं."

त्याने लिहिता लिहिता हात थांबवला. "सव्वा तास झाला? मग फोन इतक्या उशिरा का केलात, आजोबा?"

"लगेच केला. ह्या बाईंना विचारा."

"आत्ता तीन अठ्ठावन्न झालेत."

"तुमचं जुन्या वेळेने आहे. आज तास मागे गेला ना."

टक्कलवाल्याने शिंपिणीकडे पाहिलं. शिंपीण हळूच म्हणाली, "काका, तो पुढच्या रविवारी."

टक्कलवाल्याने आपला फोन समोर धरला. काकांनी मनगट त्याच्या शेजारी नेलं. तास वेगळा होता. मिनिटं तीच होती. सेकंद तंतोतंत जुळत होते, एक इकडे तसा एक तिकडे, सोबत पाय टाकणाऱ्या दोन माणसांसारखे. वाटीतली गोळी तशीच होती.

"शेवटची गोळी कधी दिलीत?"

"अकराला," काका म्हणाले. आणि मग, एकतीस वर्षांत त्यांनी जे कधी मोजलं नव्हतं ते मोजून म्हणाले, "पाच तास झाले."

खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, नीट झाली. पण या आजारात पुन्हा चालणं होईल अशी आशा धरू नका, असं हाडांच्या डॉक्टरांनी मंगळवारी सांगितलं. त्याच दिवशी मुलगी आली. वॉर्डबाहेरच्या बाकावर तिने वडिलांच्या मनगटावरून घड्याळ काढून घेतलं, एक बटण दाबलं आणि कोपऱ्यातली तीन अक्षरं त्यांना दाखवली. नेहमीच्या पडद्यावर ती दिसत नसत.

"यात माझं गाव तुमचं घर म्हणून बसलंय, बाबा. खालची दोन्ही बटणं एकदम दाबली की गावांची अदलाबदल होते."

"संदेश मिळाला होता. मी स्वतः पाहिलं."

"संदेश बरोबरच होता. याने तो माझ्या गावाला लावून दाखवला." तिने दहा सेकंदांत सगळं पूर्ववत केलं आणि घड्याळ परत दिलं. मग कपाळावरचे केस मागे सारत विचारलं, "आईने सांगितलं होतं ना तुम्हाला, वेळ झाली म्हणून?"

"सांगितलं होतं."

त्या दिवशी घरी गेल्यावर काकांनी दारामागची कार्डं काढली आणि शेवटच्या कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, खालची दोन्ही बटणं एकदम दाबू नयेत. कार्डावर अजून पाच ओळींची जागा होती. ते बराच वेळ पेन उघडून बसले, मग टोपण लावलं.

पुढच्या रविवारी पहाटे तास खरोखर मागे गेला. खिडकीतल्या घड्याळाने कोणाला न विचारता आपलं आपण करून घेतलं. दुपारी काका वॉर्डात बायकोच्या पलंगाशी बसले होते. समोरच्या भिंतीवर मोठं गोल घड्याळ होतं आणि ते कोणी हलवलं नव्हतं. त्यात तीन वाजले, तेव्हा काकांच्या मनगटावर दोन होते.

नर्स ट्रे घेऊन आली. तिने भिंतीकडे पाहिलं, ट्रेमधली गोळी उचलली आणि घोटाळली. सकाळपासून तिला तीन जणांनी वेगवेगळी वेळ सांगितली होती. भोंगेकाकांची ख्याती शिंपिणीने एव्हाना अख्ख्या वॉर्डात पोचवली होती.

"काका, तुमच्याकडे पक्कं घड्याळ आहे म्हणे. तीनची गोळी आत्ता द्यायची, की तासाने?"

काकांनी शर्टाची बाही मनगटावर ओढली.

"तिला विचारा," ते म्हणाले.

नर्स वाकली. बायको काकांकडे बघत नव्हती. गेल्या रविवारपासून तिने त्यांच्याकडे फारसं पाहिलं नव्हतं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग तिने तोंड उघडलं आणि नर्सने गोळी आत ठेवली.

तासाभराने काकांच्या मनगटावरचा गजर वाजला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकली. काकांनी तो बंद केला. मग चारही गजर एकेक करून काढून टाकले. त्यासाठी त्यांना कार्ड लागलं नाही.