कोपऱ्यातल्या चौकटीत आमच्या वन्सं

लग्न ठरलं तेव्हाच मला बजावलं होतं, नणंद तिखट आहे. खोटं नव्हतं ते. पण आमच्या वन्संसारखी दुभाषी शोधून सापडायची नाही. धाकट्या भावाला ऐकू येत नाही म्हणून लहानपणी खुणांची भाषा शिकल्या, पुढे तोच पोटापाण्याचा धंदा झाला. तो भाऊ म्हणजे माझे यजमान, बेकरीवाले. बातम्यांच्या बाबतीत मात्र ह्यांच्या नशिबी कायम शिळंच. जग ऐकून मोकळं व्हायचं, मग कोणीतरी सवडीने ह्यांना सांगायचं. दुसऱ्यांना ताजा पाव देणाऱ्या माणसाची ही गत! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या दिवशी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर व्याजदर जाहीर करणार होते, आणि पहिल्यांदाच टीव्हीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत दुभाषी असणार होती. कोण? आमच्या वन्सं! इकडे आम्हाला नव्या भट्टीसाठी कर्ज हवं होतं. व्याज कायमचं बांधून घेता की बाजाराबरोबर वर-खाली होऊ देता, ते दुपारच्या आत सांगा, नंतर बांधलेला दर मिळणार नाही, असं आमच्या बँकेच्या साहेबांनी निक्षून सांगितलं होतं. मी वन्संना लाडीगोडी लावून पाहिली, आधी काही कळलं तर सांगा की. त्यांनी असे डोळे वटारले की मी विषयच बदलला.

सकाळी दुकानातलं गिऱ्हाईक टीव्हीसमोर दाटीने उभं. वन्सं दिसल्या आणि मला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. काय तो रुबाब! गव्हर्नर म्हणाले, दर आहे तोच राहील. सगळ्यांनी हुश्श केलं. तेवढ्यात एका पत्रकाराने विचारलं, पुढे काय? झालं. आकडेवारी, परिस्थिती, समतोल, सावधगिरी, वाक्य काही संपेना. मला शब्द न् शब्द ऐकू आला आणि ओ की ठो कळलं नाही. पडद्याखाली बाजाराचे हिरवे आकडे भराभर लाल व्हायला लागले. शेजारचा शिंपी म्हणाला, दर वाढणार. निवृत्त मास्तर म्हणाले, छे, उतरणार.

वन्संचे हात क्षणभर थबकले. मग त्यांनी हातांनीच डोळ्यांपुढे दाट धुकं उभं केलं आणि त्यातून चाचपडत एकेक पाऊल टाकलं.

हे ताडकन उठले. एप्रन काढता काढता मला खुणेने म्हणाले, "पुढचं त्या गव्हर्नरलाच दिसत नाहीये. मग मी कशाला जुगार खेळू? व्याज बांधून टाकू."

आम्ही धावतच सुटलो. बँकेत साहेब फोनवर कोणाला तरी विचारत होते, गव्हर्नर नेमकं म्हणाले तरी काय. ह्यांनी त्यांच्यासमोर सही ठोकली आणि मी अभिमानाने फुगले.

बाहेर पडतो तोच वन्संचा व्हिडिओ कॉल. चेहरा पार उतरलेला. खुणेने विचारत होत्या, "धुकं कळलं का रे? संध्याकाळी येते, सगळं नीट सांगते."

ह्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि हात मोकळे केले.

"सांगायला येऊ नकोस, ताई. मला सगळ्यांबरोबरच कळलं."

वन्संनी उत्तर द्यायला हात उचलले, आणि ते तसेच तोंडावर नेऊन त्या रडायला लागल्या.