चंद्रीच्या घंटेला कमी पडलेलं पितळ

"त्या तांब्याला हात लावू नका म्हणते न्हवं का!"

"अगं, मुशीत पितळ कमी पडतंय. घंटा निम्मी आली तर चंद्रीच्या गळ्यात काय बशी बांधायची?"

"बांधा बशी! माझी अब्रू हाय त्या तांब्यात. वितळायची न्हाय."

"वितळल्याबिगर कळणार कसं, किती वजनाची हाय ते?"

गडमुडशिंगीतल्या त्या अंगणात कोळशाची भट्टी फुलली होती. रामलिंगच्या एका हातात भात्याचा दांडा, दुसऱ्यात सांडशी. तोंड तेवढं बायकोशी, शिवलीलाशी, भांडायला मोकळं.

रामलिंग मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. घरोघरी टीव्ही आले आणि लोक दुरुस्तीला टाकलेले रेडिओ न्यायलाही येईनात. मग त्यानं त्यातल्या दोघांची आतडी काढली, प्लॅस्टिकच्या बादलीच्या झाकणावर तार गुंडाळली, झाकण काठीला बांधलं आणि जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र केलं. खाली काही असलं की त्याच्या कानातल्या हेडफोनात कुत्र्याचं पिल्लू कुंईकुंई करायचं. पिकं निघाली की रामलिंग ते घेऊन शिवारात.

"काय अण्णा, मोहरांचा हंडा घावला का?" बांधावरून कुणीतरी हमखास ओरडायचं.

"नाल घावलाय बैलाचा. आता बैल हुडकतोय!"

नाल, खिळे, नटबोल्ट भंगारात जायचे. पितळ मात्र तो जपून ठेवायचा. मोटारीचे व्हॉल्व्ह, कंदिलांचे बर्नर, कुठल्या तरी देवघरातली पळी. त्या पितळेची घंटा ओतायची आणि अठ्ठ्याण्णवच्या दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात, त्यात आपली चंद्री म्हैस मोटरसायकलमागं पळताना ती वाजली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात. पाडवा आता तोंडावर आला होता.

आणि आदल्या दिवशी हा पितळी तांब्या निघाला. शेजारच्या बायडाबाईच्या रानात, भुईमूग काढलेल्या वाफ्यात, तिच्याच बांधाखाली. ट्रॅक्टरनं चेपून पार भाकरी झालेली, पण ठोकून घातलेली अक्षरं शाबूत: 'बायडास, बंधू गणपतरावकडून, भाऊबीज.'

सात वर्षांपूर्वी शिवलीला बायडाबाईच्या रानात तण काढायला, भांगलणीला गेली त्या दिवशी हरवलेला हाच तांब्या तिनं लांबवला, असं बायडाबाईनं गल्लीभर केलं होतं. तेव्हापासून शिवलीला नळावर आली की बायडाबाई आपली कळशी पदराआड ओढायची. तोंडानं काही बोलायची नाही. बोलली असती तर बरं, भांडता तरी आलं असतं.

"आज सोडत न्हाय. बायडाक्काऽऽ!" शिवलीलानं हाक मारली.

बायडाबाई लगेच आली. भिंतीपलीकडं कान लावूनच होती.

"वरडतीस कशाला? बहिरी हाय व्हय मी?"

"हे बगा! तुमच्याच बांधाखाली घावला. आता सांगा गल्लीला, कोण चोर ते!"

बायडाबाईनं तांब्या हातात घेतला. अक्षरांवरून अंगठा फिरवला. "आमच्या गणपाचा..." एवढंच पुटपुटली.

रामलिंगनं भाता थांबवला. "तुमचा हाय, घिऊन जावा आक्का. घंटंचं बघू पुढच्या दिवाळीला."

बायडाबाईनं लांबूनच मुशीकडं बघितलं. मग चालती झाली ती थेट भट्टीकडंच.

"अवो आक्का, थांबा! वला हाय त्यो. तसाच टाकला तर पितळ उडंल तोंडावर!"

ती खाली बसली. केसातला आकडा काढून तांब्याच्या घड्यांमधला चिखल खरवडला. नळावर कळशी झाकायची त्याच पदरानं तो उलटसुलट पुसला, भट्टीच्या कडेला ठेवून शेकला. मग रामलिंगच्या हातातली सांडशी घेऊन सरळ मुशीत सोडला. अक्षरं लाल झाली, वाकली, गेली.

"आगं बया! माझा पुरावा गेला की!" शिवलीला किंचाळली. "आता गल्लीला काय दाखवू? चंद्रीच्या घंटंला लोकं काय इचारणार हायेत? बायडाक्का, काय तरी बोला की!"

बायडाबाईनं लुगड्यावरची राख झटकली. दाराशी बांधलेल्या चंद्रीचा गळा वीत पसरून मापला, दोन्ही शिंगांच्या मधे खाजवलं, आणि मागं न बघता निघून गेली.