समुद्र न पाहिलेल्या बाई

आमच्या भूगोलाच्या बाई चौथीला सगळं चर्चेतूनच शिकवायच्या. मुख्याध्यापकांचाही चर्चेला भरघोस पाठिंबा होता, फक्त आवाज होता कामा नये एवढीच त्यांची माफक अट होती.

एकदा समुद्राचा धडा रंगात आला असताना एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय समुद्र?"

बाई खोटं बोलायला शिकल्या नव्हत्या. "नाही गं," त्या म्हणाल्या. मग न पाहिलेला समुद्र शिकवावा का, यावर तासभर चर्चा झाली आणि बाईंनी आधी जाऊन यावं, असं एकमताने ठरलं.

बाईंनी रजा मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, पुस्तकात आहे की समुद्र! तिथे काय वेगळा असणार?"

शेवटी सुट्टीत बाई नवऱ्याला घेऊन गेल्या. नवऱ्याने दिवसभर बुटात वाळू गेल्याची तक्रार केली. बाई मात्र गुडघाभर पाण्यात उभ्या राहून लहान मुलीसारख्या हसत होत्या.

शाळा उघडल्यावर त्या उत्साहाने म्हणाल्या, "मुलांनो, नकाशात समुद्र निळा असतो ना? मी पाहिला तो चक्क मातकट होता! मग चुकलं कोण?"

घनघोर चर्चा झाली. बहुमताने समुद्र चुकला.

"अगं, पण का?" बाईंनी त्याच मुलीला विचारलं.

"परीक्षेत नकाशा येतो, बाई. समुद्र थोडाच येतो?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. मुख्याध्यापकांनी मात्र तिला आदर्श विद्यार्थिनी ठरवलं.