एका पॅडलवर राजोडी

राजोडीला कसं जायचं, असं या ब्लॉगवर बरेच जण विचारतात. उत्तर सोपं आहे. नालासोपारा किंवा विरारला उतरा, पश्चिमेला या, बस नाहीतर रिक्षा पकडा. मे महिन्यात जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत वाळूवर पोचा, नंतर पाय भाजतात. पण माझ्या लक्षात राहिलेली राजोडीची वाट वेगळी आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे सायकलने गेलो, एका पायाने पॅडल मारत. बरोबर जो माणूस होता त्याच्याशी मी दहा महिने धड बोललो नव्हतो.

तो माणूस म्हणजे माझे बाबा.

आमचं घर गिरीजला. केळीची आणि पानवेलीची वाडी, एक विहीर, आणि आम्ही तिघं: आई, बाबा आणि मी, इनास. वय एकवीस. गावाच्या फुटबॉल संघात डावीकडून खेळायचो. गुडघ्याच्या वर दुखायला लागलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, खेळताना मार बसला असेल. तेल चोळून झालं, शेक देऊन झाला. सूज उतरेना तेव्हा मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. "गाठ आहे, काढून टाकणार आहेत," बाबांनी एवढंच सांगितलं. शुद्धीवर आलो तेव्हा डावा पाय मांडीपासून नव्हता. हाडाचा कॅन्सर होता. पाय कापणार हे बाबांना दोन दिवस आधी कळलं होतं, आणि कागदावर सही त्यांची होती. त्या काळी असंच चालायचं, पेशंटला कमी सांगायचे आणि घरच्यांना जास्त.

पुढचे दहा महिने औषधं, उलट्या, गेलेले आणि परत आलेले केस. फादर येऊन प्रार्थना करून जायचे, मित्र यायचे आणि पायाकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघत बसायचे. बाबांशी मी हो-नाही एवढंच बोलायचो. तेही रागावले नाहीत. सकाळी वाडीत जायचे, दुपारी जेवायला यायचे, माझ्या खाटेपाशी पाण्याचा तांब्या भरलाय का ते बघायचे.

दर वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं राजोडीला सुकी मासळी आणायला जायचो, पावसाळ्याची बेगमी. त्या वर्षी एका सकाळी बाबा माझी सायकल घेऊन ओट्यापाशी आले. डावं पॅडल काढलेलं होतं. उजव्या पॅडलवर चामड्याचा पट्टा शिवलेला, म्हणजे पाऊल त्यात घातलं की वर ओढतानाही जोर लागावा. कुबड्या बांधायला दांडीला दोन कड्या.

"बोंबील आणायला जायचंय," ते म्हणाले. "येतोस का?"

(घरी आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. इथे सगळ्यांना कळेल असं लिहितो.)

नाही म्हणणार होतो. आई दारात उभी होती. मी कुबड्या बाबांकडे दिल्या आणि ओट्यावरून सीटवर सरकलो.

गिरीजहून निर्मळपर्यंतचा रस्ता तेव्हा सलग सावलीचा होता. दोन्ही बाजूंना केळी, नारळ, मधे एखादा क्रूस, कुंपणावर वाळत टाकलेले कपडे. आज तिथून जाल तर इमारती लागतील, पण अजूनही काही वळणांवर वाडीच्या ओल्या मातीचा वास येतो, गाडीची काच खाली करा. पहिल्या शंभर पावलांत मी दोनदा कुंपणाला टेकलो. नंतर ताल सापडला. खाली दाब, वर ओढ. मांडी पेटल्यासारखी झाली होती आणि वारा तोंडावर येत होता. दहा महिन्यांत मला कोणी ढकलल्याशिवाय मी पुढे गेलो नव्हतो. बाबा त्यांच्या सायकलवर मागून येत होते, एका शब्दानेही सूचना न देता.

निर्मळच्या तळ्याशी थांबलो. हॉटेलात चहा घेतला, पाव बुडवून खाल्ला. बाबांनी तोंड धुवायला बाही वर केली आणि मला त्यांचं कोपर दिसलं. पार सोललेलं, वर खपली धरत होती.

"हे काय?" बऱ्याच दिवसांनी मी आपणहून काही विचारलं असेल.

"पडलो."

"कुठे?"

त्यांनी बाही खाली ओढली. "सायकलवरून. तुझ्या. एका पायाने जमतं का बघत होतो. आठवडाभर लागला."

पन्नाशीतला माणूस, भल्या पहाटे, डावा पाय लोंबता ठेवून, गल्लीत सायकल शिकत होता. मी चहा संपवला.

निर्मळहून कळंबपर्यंत जेमतेम बरं गेलं. तिथून बाबांनी नेहमीचा जवळचा रस्ता घेतला, सुरूच्या बनातून वाळूवर उतरून किनाऱ्याने राजोडी. दोन पाय होते तेव्हा हा तुकडा माझा आवडता होता. आता वाळूत चाक रुतलं. मी उतरून कुबड्या घेतल्या, त्याही रुतल्या. चौथ्या की पाचव्या पावलाला मी तोंडावर पडलो. तोंडात वाळू, एक कुबडी हातभर लांब.

बाबा सायकल टाकून आले. वाकून विचारलं, "उचलू का?"

"तेव्हा विचारलं नाहीत," मी म्हणालो. "आता कशाला विचारता?"

दहा महिने तोंडात धरून ठेवलेलं वाक्य होतं ते. बाहेर पडलं तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना.

बाबांनी मला उचललं नाही. ते शेजारी वाळूत बसले. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, पाय काढला तर वाचेल, कदाचित. नाही काढला तर वर्ष. तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"पळून गेलो असतो."

"म्हणून सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही सांगितलं. मला वाटलं, पाय गेल्यावर तू कोणाला तरी शिव्या देणार. त्या एकाच माणसाला पडाव्यात."

मी उठून बसलो.

"बरोबर केलं असं मी म्हणत नाही," ते पुढे म्हणाले. "रोज सकाळी वाटतं बरोबर केलं, रात्री वाटतं पोराला फसवलं. तू सांग. आत्ता नको. जेव्हा तुला सांगता येईल तेव्हा."

मग ते उठले, माझी कुबडी आणून हातात दिली, आणि दोन्ही सायकली ढकलत पुढे निघाले. मी मागून गेलो. पाण्याच्या कडेला वाळू घट्ट असते हे मला तेव्हा कळलं. तुम्हीही कुबडी, काठी किंवा लहान मूल घेऊन जाणार असाल तर ओल्या कडेनेच चाला.

राजोडीला काशीमावशीचं अंगण किनाऱ्याला लागूनच होतं. आम्ही वर्षानुवर्षं तिच्याकडूनच मासळी घ्यायचो. बांबूच्या मांडवांवर बोंबील लटकत होते, खाली चटईवर जवळा पसरलेला. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दहा महिन्यांत माझ्या पायाकडे सरळ बघणारं ते पहिलं माणूस.

"पाय कुठं ठेवून आलास?"

"हॉस्पिटलात."

"दुखतो का?"

"नसलेलाच जास्त दुखतो."

तिने यात काही नवल नाही अशी मान हलवली. "आधी पानी पी. मग इथं बस, जवळा हलवायला लाग. हात हायेत ना?"

मी तासभर जवळा खालीवर करत बसलो. माशा हाकलल्या. बाबा आणि तिचा नवरा होडीच्या सावलीत बोलत होते. दुपारी तिने तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. बाबांनी ते पाहिलं आणि स्वतःच्या चौथ्या भाकरीतली अर्धी माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली.

उन्हं कलल्यावर परतलो, या वेळी वाळू टाळून पक्क्या रस्त्याने. मासळीचं बोचकं बाबांच्या मागे. वारा समोरून होता. निर्मळच्या अलीकडे माझी मांडी अगदी थांबली तेव्हा मी म्हणालो, "बाबा, जरा हात लावा." त्यांनी शेजारून सायकल चालवत माझ्या पाठीवर तळहात ठेवला, आणि तसेच आम्ही गिरीजच्या वेशीपर्यंत आलो. आईने बोचकं उघडलं, वास घेतला, आणि यंदा जवळा चांगला आहे एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी बँकेत लागलो, लग्न झालं, खोटा पाय बसवला, तो तीनदा बदलला. ती वाटही बदलली. सुरूच्या बनाजवळ रिसॉर्टं आली, काशीमावशी गेली, तिच्या सुना अजून मासळी सुकवतात. मे महिन्यात गेलात तर त्यांच्या अंगणात विचारा, चांगला माल मिळेल.

माझ्याकडे त्या दिवसाचं काय राहिलं, तर बाबांनी वाळूत बसून टाकलेला तो एक प्रश्न, बरोबर केलं की फसवलं. बाबांनी उत्तर मागितलं होतं आणि मुदत घातली नव्हती. मी पाच वर्षं घेतली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी, आता वर्षातून एकदा आलास तरी पुरे, असं सांगितलं त्या दिवशी मी घरी आलो आणि कपडे न बदलता वाडीत गेलो. बाबा केळींना पाणी देत होते.

"बाबा," मी म्हणालो, "मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. आणि आज नसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. थोडा वेळ कुदळीवर टेकून उभे राहिले, मग मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या ओळीकडे वळवलं.