दोधू मिस्त्रीचं कटर

लोणखेड्यात दोधू मिस्त्रीचा पत्ता विचारला, तर लोक घर दाखवायच्या आधी सांगतात, जरा जपून बोला. माणूस वाईट नाही, पण डोकं गरम. दूधवाल्यांच्या राजदूत गाड्या रस्त्यावर होत्या तोवर त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर रांग लागे. टू-स्ट्रोक इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो सांगायचा, रिंग गेलीय की हवा ओढतंय. पुढे फोर-स्ट्रोक गाड्या आल्या, राजदूत भंगारात गेल्या आणि दोधूच्या हातातली विद्याही त्यांच्याबरोबर गेल्यासारखी झाली. तेव्हापासून तो नव्या प्रत्येक वस्तूवर चिडलेला असे. पाण्याचे पंप आणि फवारणीचे पंप दुरुस्त करून घर चालत होतं, पण त्यात त्याचं मन नव्हतं.

त्याच्या शेडमध्ये झाडं कापायचं एक जुनं कटर मशीन पडून होतं. दुरुस्तीला टाकून गेलेला माणूस परत आलाच नाही. एकदा दोधू त्याची साखळी घ्यायला शहाद्याच्या एका दुकानात गेला. काउंटरवरच्या पोराने मशीन हातात धरून पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, हाई भंगार शे. नवं लई जा, नहीतर बॅटरीवालं लई जा. आवाज बी नही, धूर बी नही."

दोधू म्हणाला, "आवाज नही तं मशीन कसानं?"

पोरगा हसला. ते हसणं दोधूला लागलं. साखळी न घेताच तो घरी आला आणि शेडमध्ये सतरंजी टाकून त्याने ते कटर खोललं.

त्या हिवाळ्यात त्याने दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. सिलिंडर काढला, पिस्टनवरचा काळा थर खरवडला, नवी रिंग आणि साखळी शोधून आणली. सिलिंडरच्या तळाचं पॅकिंग काढून टाकलं, म्हणजे पिस्टन वर आला की दाब जास्त बसेल. मात्र तो वर भिडणार नाही ना, हे आधी कथलाची तार आत घालून, ती किती चेपते ते बघून ठरवलं. धूर बाहेर पडायचं भोक बारीक कानशीने रुंद केलं आणि पॉलिश पेपरने आरशासारखं केलं. सायलेन्सरचं तोंड मोठं कापलं. इंजिन मोकळा श्वास घ्यायला लागलं तसं त्याला पेट्रोलही जास्त लागणार, म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू थोडा सैल केला. दर वेळी प्लग काढून तो त्याचा रंग बघायचा. प्लग पांढरट दिसला की शिवी हासडायची, स्क्रू फिरवायचा, परत चालू करायचं.

त्याची बायको कौसाबाई ओट्यावरून म्हणायची, "कान फुटतीन लोकेस्ना. आते पुरं करा."

पण कटर जेव्हा खरं बोललं, तेव्हा तीही उठून बघायला आली. नेहमीच्या कटरचा आवाज घोगरा असतो. याचा आवाज उंच चढायचा आणि वर जाऊन किंचित फाटायचा, तापी ओलांडून पलीकडे ऐकू जाईल असा. दोधूने ते आवारातल्या बाभळीच्या वाळक्या खोडावर टेकवलं आणि खोड लोण्यासारखं कापलं गेलं. दोधू हसला. कौसाबाईने त्याला पुष्कळ दिवसांनी हसताना पाहिलं.

संक्रांतीनंतर कौसाबाईचा धाकटा भाऊ उमाकांत आला. त्याचा जळाऊ लाकडाचा धंदा, वीटभट्ट्यांना माल पुरवायचा. तो म्हणाला, "दाजी, कटर द्या ना थोडा दिन. वावरना बांधवर निलगिरी शेतस, त्या पाडना शेतस."

"कोणले बी हात लावू देवाव नही मी," दोधू म्हणाला.

कौसाबाई आतून आली. "मन्हा भाऊ शे तो, परका नही."

दोधूने दिलं. देताना पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं ते तीनतीनदा सांगितलं.

कटर परत आलं ते होळी झाल्यावर. उमाकांत स्वतः आला नाही, कुणाच्या तरी टेम्पोतून पाठवलं. साखळी फिरते ती पट्टी मळलेली, साखळी बोथट. दोधूने बडबडत साखळीला धार लावली आणि इंजिन नीट आहे का बघायला आवारातच चालू केलं. शेजारच्या पपईच्या बागेत मजूर बायका काम करत होत्या. त्यातली एक बाई हातातली पाटी टाकून बांध ओलांडून सरळ आवारात आली आणि दोधूसमोर उभी राहिली.

दोधूने इंजिन बंद केलं. "काय पाहिजे, बाई?"

ती पावरी बोली अहिराणीत मिसळून बोलत होती आणि डोंगरातली माणसं म्हणतात तसं सगळ्यांनाच 'तू' म्हणत होती. "परत चालू कर," ती म्हणाली.

"काबरं?"

"चालू कर, मी सांगते."

तिच्या बोलण्यात असं काही होतं की दोधूने दोरी ओढली. कटरचा आवाज वर चढला आणि फाटला. बाईने मान हलवली. "हाच. माझे मोह यानेच पाडले."

तिचं नाव फुलीबाई. तोरणमाळच्या घाटात तिचा पाडा, मजुरीसाठी ती खाली आली होती. नवरा जामसिंग दर वर्षी ऊसतोडीला गुजरातेत जायचा आणि होळीला परत यायचा. शेताच्या बांधावर त्यांची मोहाची दोन झाडं होती, जामसिंगच्या आजोबांच्या वेळची. होळीच्या आसपास फुलं गळायला लागली की घरातली सगळी पहाटे उठून वेचायची. वाळवलेली फुलं पावसाळ्यात पोटाला आधार, आणि फळांच्या बियांचं तेल वर्षभर दिवाबत्तीला नि भाजीला. नवरा गुजरातेत असताना, फुलं धरायच्या आधी, एक ट्रॅक्टर आला. ती तेव्हा नाल्यापलीकडे पाणी भरत होती.

"पहिला मोह पडल्याचा आवाज ऐकला आणि मी पळाले," फुलीबाई म्हणाली. "नाला उतरले, चढले. पोचते तो दुसराही आडवा. इतक्यात मोह पडतो का? कुऱ्हाडीने पाडायला गेले असते तर पाडा जमला असता. दुसरं मशीन असतं तर निदान दुसऱ्याला तरी मी मिठी मारून उभी राहिले असते. मी वर येईपर्यंत ते फांद्या छाटत होते."

दोधूला राग आला. पहिल्यांदा आला तो तिच्यावर. कुणीही यावं आणि आवारात उभं राहून आरोप करावा. "अशी ढीगभर कटरं शेतस," तो म्हणाला. "हाई कटर निलगिरी पाडाले गयथं."

असं म्हणून त्याने तिच्यासमोरच साखळीवरचं झाकण खोललं. निलगिरीचा भुसा फिका असतो आणि त्याचा वास लपत नाही. झाकणाच्या आत तांबूस भुसा घट्ट बसला होता आणि पट्टीच्या खाचेत वाळलेला चीक होता. दोधूने तो नखाने उकरला. फुलीबाईने बोट लावून बघितलं. "मोहाच्या सालीतून दूध निघतं," ती म्हणाली. दोधूलाही ते ठाऊक होतं.

ती रडली नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "कुणाला दिलं होतंस?"

दोधूने तिला बसायला सांगितलं, पण ती बसली नाही. तो गाडी काढून तसाच उमाकांतच्या गावी गेला. उमाकांत जेवत होता.

"खरं सांग, कटर कोठे लई गयथा तू?"

उमाकांतने आधी निलगिरीचंच सांगितलं. दोधूने खिशातून कागदाची पुडी काढून तांबूस भुसा त्याच्या ताटाशेजारी ओतला. तेव्हा तो म्हणाला, "दाजी, दोन झाडं व्हतात. मी काय चोर शे का? त्या बाईना दीरले इचारेल व्हतं मी. त्याले त्याना हिस्सा बी दिन्हा."

"तिना दीरनं नाव काय?"

उमाकांत पाणी प्यायला.

दोधूने पुन्हा विचारलं. उमाकांत म्हणाला, "नाव कोण ध्यानमा ठेवस?"

दोधू परत आला तेव्हा पपईच्या बागेतलं काम सुटलं होतं आणि फुलीबाई बांधावर एकटी बसली होती. त्याने तिला दिराबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मला दीर नाही. जामसिंग एकुलता."

दुसऱ्या दिवशी दोधूने कटर गोणपाटात बांधलं, फुलीबाईला बरोबर घेतलं आणि वनखात्याच्या कार्यालयात गेला. घरात कुणाला काही सांगितलं नाही. साहेबांसमोर त्याला शाळेतली मराठी बोलावी लागली, आणि त्या भाषेत त्याला नीट रागावताही येईना. तो अडखळत राहिला आणि त्यामुळे जास्तच लाल झाला. साहेब शांत माणूस होता. तो म्हणाला, "मिस्त्री, विचार करा. मशीन तुमचं आहे. जबाब दिलात तर कागदावर पहिलं नाव तुमचंच येईल."

"येऊ द्या," दोधू म्हणाला. "माझंच आहे ते."

पंचनाम्याला तो वर पाड्यावर गेला. बुंधे अजून ओलसर दिसत होते. कापाचा पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत, कुठे रेघ नाही की ओरखडा नाही. राजदूतच्या दिवसांत असं काम बघून तो स्वतःवरच खूश झाला असता. आता त्याला तो काप बघवेना. साहेब टेप लावून बुंध्याची मापं घेत होता. बाजूला गावची म्हातारी माणसं बसली होती.

जामसिंग ऊसतोडीवरून आला होता. सडपातळ माणूस, उसाच्या पातीने हातावर ओरखडेच ओरखडे. त्याने दोधूला पाण्याचा तांब्या दिला. मग बुंध्याच्या सपाट कापावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "मशीन चांगलं बनवलंस तू."

त्यात टोमणा होता का, हे दोधूला आजही सांगता येत नाही. पण उमाकांतच्या घरी तो ओरडला होता, दुकानातल्या पोरावर महिनोन्महिने चिडला होता, आणि इथे त्याने नुसतं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. घाट उतरताना मात्र गाडीवर एकटाच मोठमोठ्याने शिव्या देत आला. कुणाला, ते त्याचं त्यालाच माहीत.

मोहाचे ओंडके एका वीटभट्टीवर सापडले. बरेचसे जळून गेले होते. उरलेले जप्त झाले, उमाकांतवर गुन्हा दाखल झाला. दोधूलाही तारखा पडायला लागल्या. कटर मुद्देमाल म्हणून ताब्यात गेलं. एकदा तारखेला गेला असताना दोधूने ते उघड्या पडवीत पडलेलं पाहिलं. त्याने तिथल्या कारकुनाला सांगितलं, निदान टाकीतलं पेट्रोल तरी काढा, कार्बोरेटर जाम होईल. कारकून म्हणाला, मुद्देमालाला हात लावता येत नाही. त्यावरून दोधू इतका भांडला की लोकांनी त्याला बाहेर नेऊन बसवलं.

खरी लढाई घरात होती. भावाचं नाव जबाबात लागलं हे कौसाबाईला बाहेरून, नळावर कळलं होतं. त्याच्यासमोर ताट ठेवायची आणि आत निघून जायची. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, गाणी सुरू झाली. कौसाबाईला न्यायला दर वर्षी उमाकांत यायचा. या वर्षी कुणी आलं नाही. ती दिवसभर उंबऱ्यात गहू निवडत बसली.

संध्याकाळी दोधू म्हणाला, "चाल, मी सोडी येस तुले."

तिने सूप बाजूला ठेवलं. "मले इचारं का तुम्हीन? मन्हा भाऊनं नाव लिखी उनात, अन् मले नळवर बायास्नी सांगं."

"इचारं असतं तं तू नको म्हणती."

"नको नही म्हणती मी," कौसाबाई म्हणाली. "त्या बाईले मी बी देखं ना आवारमा. भाऊले कटर द्या म्हणी मीच सांगं व्हतं. मी बी तुमना संगे येती. मन्हा तोंडे सांगती साहेबले. तुम्हीन मले चोरनी बहीण समजनात."

ती माहेरी गेली नाही. त्या वर्षी नाही आणि पुढच्याही वर्षी नाही. भावावरचा तिचा राग गेला नाही आणि नवऱ्यावरचाही गेला नाही. ती दोन्ही राग घेऊन घरातली सगळी कामं करत राहिली.

या प्रकरणाने एक भलतंच झालं. दोधू मिस्त्रीच्या कटरचं नाव सगळ्या तालुक्यात पसरलं. एकामागून एक मोठी झाडं कशी झटपट पाडली, याची गोष्ट चहाच्या टपऱ्यांवर रंगवून सांगितली जाऊ लागली, आणि लोक कटरं घेऊन शेडवर यायला लागले. म्हसावदकडून आले, तापीकाठच्या गावांतून आले. काही साधे शेतकरी होते, वादळात पडलेली झाडं उचलायला हवं म्हणणारे. दोधू त्यांनाही नाही म्हणायचा आणि नाही म्हणताना भांडायचा.

एक दिवस गॉगल लावलेला एक वीटभट्टीवाला माणूस नवंकोरं मशीन पिशवीत घालून आला. पिशवी बाकड्यावर ठेवून तो म्हणाला, "मिस्त्री, मोहाले जे चाललं ते पाहिजे. तसंच आवाजवालं."

दोधूने पिशवी उचलली, चालत रस्त्यापर्यंत गेला आणि धुळीत ठेवली. माणूस मागोमाग आला, काय करी ऱ्हायनात म्हणून तणतणायला लागला. दोधूचा आवाज चढला. त्याने त्याचा बाप काढला, भट्टी काढली, त्याच्या गॉगलचाही उद्धार केला. गल्ली जमली. त्या माणसानेही बाह्या सरसावल्या.

तेवढ्यात कौसाबाई हातातलं लाटणं न ठेवताच बाहेर आली आणि दोधूच्या शेजारी उभी राहिली. ती त्या माणसाला म्हणाली, "तुले एकदाव सांगं ना त्यास्नी? उचल ते मशीन अन् चालता व्हय."

माणूस पिशवी उचलून निघून गेला. दोधूने बायकोकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. चुलीवर पोळी करपत होती, ती लगबगीने आत गेली.