चार विसा तीन

फ्रान्सात शिकाया गेलेली नात परवा फोनवर म्हनली, "आजी, इथली माणसं फोन नंबर जोडीजोडीनं सांगतात, आणि ऐंशीला 'चार विसा' म्हणतात." ऐकलं अन् मला पौडाचं पोस्ट आठवलं, तितल्या लाखेच्या वासासकट.

तवा आमचं मालक झाडावनं पडलं हुतं, पुण्याला ऑपरेशन हुतं. दीर तितंच दुकानात कामाला. दुकानाचा नंबर त्यानं जाताना तोंडी सांगितला. मला लिवता येत न्हाई, म्हून जोड्या करून आमच्या रिहे गावापासनं पौडापत्तुर घोकत चालत आले.

"चार विसा तीन," मी पोस्टमास्तरांना म्हनलं.

"बाई, फोन लावायचाय का आंबे मोजायचेत? एकेक आकडा सांगा."

लई लाजले. तिकडं फ्रान्सात अख्खा मुलूख आसंच मोजतो, ते तवा कुटं ठावं हुतं?

"मला आसाच येतोय, मास्तर. माझा माणूस हाय का न्हाई, तेवढं कळू द्या."

मास्तरांचं हसू गेलं. त्यांनी बोटांवर हिशेब करून एकेक आकडा पुढं एक्स्चेंजला सांगितला. लई येळानं दिराचा आवाज आला.

"वयनी, दादा उठून बसलाय. हितली भाकर कच्ची म्हून भांडतोय."

भांडतोय म्हंजी बरा हाय. मी तितंच पायरीवर बसले अन् प्यायला पाणी मागितलं.